सीमाभागातली माती आणि जगाची गादी

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. बिदर, भालकी, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात आले. कागदावर सीमा ठरली. सोयरिकी, आठवडी बाजार, गाणगापूरच्या आणि माणिकनगरच्या वाऱ्या मात्र दोन्ही अंगांनी पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. जत्रेतल्या कुस्त्याही तशाच चालू राहिल्या. भालकीकडचा पैलवान निलंग्याच्या फडात उतरतो, उमरग्याचा आळंदला जाऊन लढतो. जोड लावणारे पंच त्याचं वजन, उंची आणि नाव बघतात. त्याचं राज्य कुणी विचारत नाही.

याच निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड हे गाव आहे. हरिश्चंद्र बिराजदार इथले. त्यांचा जन्म झाला तेव्हा हे गाव बिदर जिल्ह्यात मोडत होतं. १९६९ मध्ये लातूरला झालेल्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावावर लागला. लढणं थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. तिथे त्यांच्या हाताखाली लातूर जिल्ह्यातले काका पवार तयार झाले, आणि बऱ्याच वर्षांनी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा एक लहान पोरगाही तिथे येऊन दाखल झाला. त्याचं नाव राहुल आवारे. २२ सप्टेंबर २०१९ रोजी कझाकस्तानच्या राजधानीत झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यानं ६१ किलो फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक जिंकलं.

बिराजदार, पवार, आवारे हे तिघंही जुन्या हैदराबाद संस्थानातल्या कोरडवाहू मुलखातले. या तिघांच्या वाटचालीकडे नीट पाहिलं की आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल पैलवान कसा घडतो ते समजतं. आणि सीमाभागातल्या जत्रांत दरवर्षी शेकडो पोरं शड्डू ठोकत असताना तिथवर एखादाच का पोचतो, याचंही उत्तर त्यात मिळतं.

तूर-ज्वारीच्या मुलखातली तालीम

बिदर आणि कलबुर्गी हे तूर, ज्वारी, उडदाचे जिल्हे. रब्बीचं पीक घरात आलं की पाऊस पडेपर्यंत शेतात फारसं काम उरत नाही. जत्रांचा हंगाम हाच, आणि फडाचाही हाच. जत्रेच्या दिवशी दुपारी हलगी वाजू लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि दिवस मावळता शेवटची मोठी जोड सुटते. या फडात लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान अशा सगळ्या घरांतली पोरं असतात. प्रेक्षकांतून एका डावाला मराठीत दाद येते, दुसऱ्याला कानडीत, तिसऱ्याला दखनीत.

या मुलखात तालमीला आणखी एक इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत आर्य समाजानं गावोगाव व्यायामशाळा काढल्या. बिदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडचे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे या कामातले मोठे कार्यकर्ते. श्यामलाल यांचं कर्मक्षेत्र उदगीर. १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्या काळात तरुणानं शरीर कमावणं ही केवळ हौस नव्हती, भोवतालच्या दडपणापुढे ताठ उभं राहण्याची ती तयारी होती. संस्थान गेलं, पण पहाटे उठून जोर-बैठका मारण्याची रीत घरोघर टिकली.

तालमीचा हौद साधा दिसतो, पण त्याची मशागत शेताइतकीच कष्टाची असते. चाळलेल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस आणि काव मिसळतात. रोज पहाटे ती फावड्यानं खणतात, ढेकळं फोडतात आणि सारखी करतात. खणणं हाही पैलवानाचा व्यायामच असतो; खांदे, कंबर आणि मनगटं त्यातून तयार होतात. मग लढती, मग जोर-बैठका, शेवटी अंग रगडणं. दहा-बारा वर्षांचा पोरगा या दिनक्रमात चार-पाच वर्षं राहिला की त्याच्या मानेला, पाठीला आणि पंज्याला अशी ताकद येते की जगातल्या कोणत्याही व्यायामशाळेनं हेवा करावा.

पाटोद्याच्या राहुलचा पाया असाच पडला. वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. त्यांनी मुलाला पहिले डाव मातीत शिकवले. पण आपल्या मातीत पोराला कुठवर नेता येईल, हेही त्यांनी वेळेवर ओळखलं. त्यांनी मुलाला पुण्याला बिराजदारांच्या स्वाधीन केलं, आणि आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतला पहिला मोठा निर्णय हाच ठरला.

माती आणि गादी

गावच्या फडातून थेट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गेलेला पैलवान ताकदीत कमी पडत नाही, तर त्याला खेळच बदललेला दिसतो. मातीत पाय रुततो, घामावर धूळ बसते आणि पकड घट्ट होते. त्यामुळे कुस्ती संथ चालते, पकड घेऊन प्रतिस्पर्ध्याला दमवता येतं. गादीवर (मॅटवर) बूट घालून लढायचं असतं. पाय चटकन उचलला जातो आणि प्रतिस्पर्धी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पायात घुसतो. मातीत लांगेला किंवा जांघियाला हात घालून डाव मारता येतो. गादीवर अंगातला पोशाख धरणं हा गुन्हा आहे. मातीतल्या निकाली कुस्तीत पाठ लागली की संपलं, तोवर घड्याळाकडे कुणी पाहत नाही. गादीवर घड्याळ हाच तिसरा पैलवान असतो.

१९४८ मध्ये खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीची कुस्ती त्यांना नवी होती. तरीही ते सहावे आले. चार वर्षं त्यांनी ही उणीव भरून काढण्यात घालवली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावं लागलं, अशी हकिगत सांगितली जाते. त्यांच्या बाजूनं बोलायला तिथे भारतीय अधिकारी हजर नव्हता. आंतरराष्ट्रीय कुस्तीत नियम माहीत असणं आणि ते मांडणारा माणूस शेजारी असणं हेही डावाइतकंच मोलाचं असतं, हा धडा त्या दिवसानं दिला.

आजची फ्रीस्टाइल लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. लढतीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, आणि त्याच्या आतल्या काठाला एक मीटर रुंदीचा रंगीत पट्टा. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर काढलं की एक गुण. एकेरी किंवा दुहेरी पट काढून, पाठीमागे जाऊन त्याला खाली घेतलं की दोन. खाली असताना भारंदाज मारून त्याची पाठ गादीकडे वळवली की आणखी दोन. उभ्यातून उचलून थेट पाठीवर फेकलं तर चार, आणि फेक मोठ्या उंचीवरून झाली तर पाच. दोन्ही खांदे टेकवले तर चितपट, तिथेच निकाल. दहा गुणांची आघाडी झाली तरी लढत थांबते. गुण बरोबरीत राहिले तर मोठ्या गुणांचा डाव कुणी मारला हे पाहतात, मग ताकीद कुणाला कमी मिळाली ते, आणि शेवटी अखेरचा गुण कुणी घेतला ते.

या नियमांचा पैलवानाच्या शरीरावर थेट परिणाम होतो. सहा मिनिटांत पुन्हा पुन्हा पूर्ण जोर लावायचा, दोन झटक्यांच्या मध्ये दहा-पंधरा सेकंदांत दम परत मिळवायचा आणि पुन्हा घुसायचं. जो नुसता थोपवून धरतो त्याला पंच निष्क्रिय ठरवतात. त्याला ३० सेकंदांत गुण मिळवायला सांगतात, नाही मिळवला तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. त्यामुळे तासभर चालणाऱ्या मेहनतीइतकाच थोड्या वेळात वारंवार जोर लावण्याचा सरावही करावा लागतो. मातीत मिळालेली ताकद इथे उपयोगी पडते, पण तिचा वापर नव्यानं शिकावा लागतो. हे वळण वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत अंगी मुरलं तर ठीक. विशीनंतर गादीवर आलेल्या पैलवानाचे पाय जन्मभर मातीतलेच राहतात.

चार लढती, चार आकडे

कुस्तीच्या बातमीत गुणांचे आकडे छापलेले असतात आणि आपण ते ओलांडून पुढे जातो. खरं तर त्या आकड्यांतून अख्खी कुस्ती डोळ्यांपुढे उभी करता येते. राहुल आवारेच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेतल्या चार लढती घेऊन पाहू.

पहिली लढत तुर्कमेनिस्तानच्या केरिम होजाकोव्हशी, १३–२. अंतर अकराचं. म्हणजे वेळ संपायच्या आतच पंचांनी कुस्ती थांबवली. तेरा गुण नुसत्या ढकलाढकलीत मिळत नाहीत. त्यासाठी पट काढून, लगेच खाली भारंदाजाची माळ लावावी लागते.

दुसरी लढत यजमान कझाकस्तानच्या रसुल कालियेव्हशी, १०–७. इथे दोघंही उघडपणे लढले. सात गुण गेले म्हणजे राहुलच्या बचावाला भगदाडं पडली होती, तरी त्यानं हल्ला सोडला नाही. आघाडी घेऊन गप्प बसणारा पैलवान अशा लढतीत हमखास मागे पडतो, त्यातून समोर घरच्या प्रेक्षकांचा मल्ल असताना तर नक्कीच.

तिसरी लढत उपांत्य फेरीची, जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेशी. ६–१० नं राहुल हरला. पण लोमताद्झेच त्या गटाचा जगज्जेता ठरला, आणि अशा मल्लावर सहा गुण चढवून राहुल गादीवरून उतरला.

चौथी लढत कांस्यपदकाची, अमेरिकेच्या टायलर ग्राफशी, ११–४. उपांत्य फेरीत हरलेल्याची गाठ रेपेचाजमधून वर आलेल्या मल्लाशी पडते. रेपेचाज म्हणजे अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्या मल्लांना मिळणारी दुसरी संधी. त्यातून येणारा पैलवान जिंकत जिंकत आलेला असतो, आणि उपांत्य फेरीत हरलेल्याच्या मनात अजून ताजा पराभव असतो. कांस्याच्या लढतीत म्हणूनच भले भले मल्ल कोसळतात. राहुलनं तिथे सात गुणांच्या फरकानं जिंकणं ही त्याच्या मनाच्या मशागतीची पावती होती.

त्या स्पर्धेत भारतानं एकूण पाच पदकं जिंकली. दीपक पुनियाचं रौप्य. बजरंग पुनिया, विनेश फोगट, रवी दहिया आणि राहुल आवारे यांची कांस्यं. तोवर एका जागतिक स्पर्धेत भारताला इतकी पदकं कधी मिळाली नव्हती.

त्याच्या आधीच्या वर्षी, १२ एप्रिल २०१८ ला, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं ५७ किलो गटाचं सुवर्ण जिंकलं होतं. उपांत्य फेरीत पाकिस्तानच्या मुहम्मद बिलालवर १२–८, अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीवर १५–७. हा शेवटचा आकडा बघण्यासारखा आहे. एका लढतीत दोघांनी मिळून बावीस गुण घेतले, आणि पंधरा गुण घेऊनही राहुलला दहाची आघाडी मिळाली नाही, म्हणजे सहा मिनिटं पूर्ण लढावं लागलं. त्यात शेवटी जांघेच्या दुखण्यानं त्याला घेरलं होतं. सगळ्या लढती एकाच दिवशी. ते सुवर्ण त्यानं बिराजदारांच्या चरणी अर्पण केलं. बिराजदार २०११ मध्येच गेले होते. त्यांच्यानंतर राहुल पुण्याला कात्रजच्या कुस्ती संकुलात काका पवारांकडे घडत राहिला. पवार स्वतः ग्रीको-रोमनचे आंतरराष्ट्रीय मल्ल आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. एक वस्ताद गेला तरी शिकवण तुटली नाही, याचं श्रेय या गुरुपरंपरेला आहे.

वजनाचा काटा

जत्रेत जोड नजरेनं लावतात. चार-पाच किलोचा फरक कुणी धरत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शंभर ग्रॅमनं कारकीर्द फिरते. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगटचं वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं आणि तिला स्पर्धेतून बाद केलं गेलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. दोनच दिवसांनी ५७ किलोच्या अमन सेहरावतनं कांस्य जिंकलं. उपांत्य लढतीनंतर त्याचं वजन ६१.५ किलो झालं होतं. रात्रभर घाम गाळून त्यानं सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवलं आणि सकाळी काट्यावर उभा राहिला.

हे का करावं लागतं? कारण बहुतेक पैलवानांचं नेहमीचं वजन त्यांच्या गटापेक्षा काही किलो जास्त असतं. अंगात ताकद मोठ्या गटाची ठेवायची आणि लढायचं खालच्या गटात, असा हा डाव. २०१८ पासून जागतिक स्पर्धांत प्रत्येक गटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. त्यामुळे एकदा वजन उतरवून भागत नाही. पहिल्या दिवसाच्या लढती झाल्यावर पाणी आणि अन्न मोजून घ्यावं लागतं. घोटभर पाण्याचाही हिशेब लागतो. म्हणून आजच्या पैलवानाच्या पथकात वस्तादाइतकीच आहारतज्ज्ञाची आणि फिजिओथेरपिस्टची गरज असते.

खुराकाचंही गणित इथे बदलतं. दूध, तूप, बदाम, थंडाई हा आपल्याकडचा खुराक अवजड गटाच्या मल्लाला मानवतो. ५७ किलोत राहायचं असेल तर तुपाची वाटी जपून घ्यावी लागते. प्रथिनं जास्त, चरबी कमी, आणि वजन करण्याच्या आठवड्यात मीठ-पाण्यावर बारीक लक्ष. शिवाय डोपिंगचा धाक असतो. उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव आलेल्या खेळाडूला दररोज एक तास आपण नेमके कुठे असू, हे आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीन वेळा तो तिथे सापडला नाही, तर डोपिंगचा ठपका बसतो. गावच्या वैद्यानं किंवा मेडिकलवाल्यानं प्रेमानं दिलेली पुडी सुद्धा अशा पैलवानानं विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक देश, एक गट, एक जागा

राहुल आवारेच्या कारकिर्दीकडे पाहताना अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो. इतक्या तयारीचा मल्ल ऑलिंपिकला का गेला नाही? याचं उत्तर कुस्तीच्या रचनेत आहे. ऑलिंपिकला पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये सहाच वजनगट आहेत: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. प्रत्येक गटात एका देशाचा एकच मल्ल. धावण्याच्या शर्यतीत एका देशाचे तिघं उतरू शकतात. इथे दुसऱ्या क्रमांकाला जागाच नाही.

आणि हलक्या गटांत भारतात नेहमीच गर्दी. जुन्या ५५ किलो गटात २०११ मध्ये राहुलनं ताश्कंदला आशियाई कांस्य आणि मेलबर्नला राष्ट्रकुल अजिंक्यपदाचं सुवर्ण जिंकलं. तरी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला त्या गटातून अमित कुमार गेला. २०१४ मध्ये वजनगट बदलून ५५ चा ५७ झाला. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा अमित कुमार, आणि त्यानं सुवर्णही जिंकलं. २०१६ च्या रिओला संदीप तोमर. २०१८ ला गोल्ड कोस्टची जागा अखेर राहुलला मिळाली आणि त्यानं तिचं सोनं केलं. पुढे ५७ मध्ये सोनिपतच्या रवी दहियाचा उदय झाला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिकची जागा त्यानं पक्की केली आणि टोकियोत रौप्य जिंकलं. राहुल त्याच जागतिक स्पर्धेत ६१ किलोत लढला. जागतिक स्पर्धेत हा गट असतो, ऑलिंपिकमध्ये नसतो.

त्यानंतर २०२० मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ६१ किलोत आणखी एक कांस्य घेतलं. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच आशियाई स्पर्धेत कर्नाटकातल्या बागलकोटच्या अर्जुन हलकुर्कीनं ग्रीको-रोमनच्या ५५ किलोत कांस्य जिंकलं. दोन शेजारी राज्यांतल्या कोरडवाहू जिल्ह्यांची ही दोन पोरं एकाच स्पर्धेत पदकाला पोचली.

म्हणून आंतरराष्ट्रीय पैलवानाचं यश केवळ ऑलिंपिकच्या मापानं मोजणं बरोबर नाही. बारा-पंधरा वर्षं तो दर काही महिन्यांनी देशातल्याच बरोबरीच्या मल्लांशी निवड चाचणी लढतो, आणि त्यातल्या एका वाईट दिवसामुळे चार वर्षं मागे पडतो. गुडघा, खांदा, मान यांपैकी काहीतरी कायम दुखत असतं. तरी तो पुन्हा उभा राहतो. अशा कारकिर्दीत सुवर्णाइतकीच कौतुकाची गोष्ट म्हणजे टिकून राहणं. २००८ मध्ये पुण्याच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या किशोरानं बारा वर्षांनी आशियाई पदक जिंकावं, यात मला त्याची खरी थोरवी दिसते.

भालकी आणि आळंदसाठी

आता पुन्हा सीमाभागाकडे वळू. बिराजदारांना गाव सोडून बाहेर पडावं लागलं. पवारांना पडावं लागलं. राहुललाही. तिघांनाही पुण्यासारख्या ठिकाणी वस्ताद मिळाला, राहायला तालीम मिळाली, लढायला बरोबरीची जोड मिळाली. ज्या पोराच्या घरी हा खर्च पेलत नाही, किंवा ज्याच्या वडिलांना कुठे पाठवावं हे ठाऊक नाही, तो पोरगा जत्रेतल्या इनामापाशीच थांबतो. पंचविशीपर्यंत तो फड गाजवतो, मग खांदा निखळतो आणि तो शेतावर परततो. त्याच्यात राहुलइतकंच सामर्थ्य होतं का, हे कुणाला कधी कळत नाही. कळण्याची वेळ त्याच्या बाराव्या-तेराव्या वर्षी होती, ती निघून गेलेली असते.

ही वेळ सांभाळायला फार मोठी योजना लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक चांगली गादी, तिच्यावर छप्पर, एक वजनकाटा, एक घड्याळ आणि फ्रीस्टाइलचे नियम जाणणारा एक प्रशिक्षक. पोरांनी पहाटे मातीत मेहनत करावी, संध्याकाळी गादीवर लढावं. मातीची परंपरा सोडायची नाही. तिनं कमावलेली ताकद गादीवर वापरायला लवकर शिकवायचं, एवढंच. मुलींनाही हीच गादी खुली हवी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांची कुस्ती फ्रीस्टाइलचीच असते, आणि २००४ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे.

जत्रा समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शेवटच्या मोठ्या कुस्तीचं इनाम दरवर्षी वाढवण्याची चढाओढ थोडी थांबवावी आणि त्यातला काही भाग बाजूला काढून गावच्या किंवा तालुक्याच्या तालमीसाठी गादी घ्यावी. रेवड्यांवरच्या कुस्त्या वय आणि वजन पाहून, घड्याळ लावून, गुण मोजून घ्याव्यात. गुणवान पोर दिसलं की त्याच्या आई-वडिलांना जिल्हा कुस्ती संघटनेचा पत्ता द्यावा, मग ती संघटना लातूरची असो, बिदरची असो की कलबुर्गीची. एका बिराजदारांमागे एक काका पवार आला, त्यांच्यामागे राहुल आवारे आला. पुढचा मल्ल भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या एखाद्या तालमीत आज मेहनत करत असेल. त्याला वेळेवर गादी मिळवून देणं ही आपली जबाबदारी आहे.